आज्ञेचा ठावठिकाणा

शेलला दिलेली आज्ञा म्हणजे सुरुवातीला केवळ एक नाव असते. ‘एलएस’, ‘ग्रेप’, ‘पायथन’ असे काही अक्षरांचे नाव टंकायचे आणि एंटरची कळ दाबायची. शेल त्या नावाचा धनी शोधायला निघतो. हा धनी चार ठिकाणी सापडू शकतो. वापरकर्त्याने ठेवलेले टोपणनाव, म्हणजे एलिआस; शेलच्याच भाषेत लिहिलेले छोटे फंक्शन; शेलच्या पोटातली अंगभूत आज्ञा, म्हणजे बिल्टइन; किंवा डिस्कवर कुठेतरी ठेवलेली, चालवण्याजोगी फाइल. शेल या चार घरांची दारे ठरलेल्या क्रमाने ठोठावतो आणि जे दार पहिल्यांदा उघडेल तिथे थांबतो. पुढच्या घरांत त्याच नावाचे आणखी कोणी राहत असले तरी त्यांच्यापर्यंत हाक पोहोचत नाही. म्हणूनच ‘ही आज्ञा नेमकी कुठली’ हा प्रश्न युनिक्सच्या प्रत्येक पिढीला पडत आला, आणि त्याचे उत्तर कोणी द्यायचे याचा वाद अगदी अलीकडेपर्यंत चालला.

नाव एक आणि ठिकाणे अनेक ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. वसई-विरार पट्ट्यातल्या अर्नाळ्याचेच पाहावे. विरारहून सुटणाऱ्या बसच्या पाटीवर ‘अर्नाळा’ लिहिलेले असते, ते मुख्य भूमीवरचे, समुद्रकिनाऱ्याचे गाव. त्याच्यासमोर वैतरणेच्या मुखाशी असलेले बेटही अर्नाळाच. पण तिथे जायला होडी लागते, आणि बेटावरची वस्ती ‘अर्नाळा किल्ला’ या वेगळ्या नावाने ओळखली जाते. पोर्तुगीज अमलात याच बेटाला ‘गायींचे बेट’ अशा अर्थाचे नाव होते. ते संगणकाच्या भाषेत निव्वळ टोपणनाव. शिवाय भारतीय नौदलाचे ‘अर्नाळा’ आहे. बेटावरच्या किल्ल्याच्या नावाची पाणबुडीविरोधी युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली, आणि त्याआधी १९७२ ते १९९९ या काळात त्याच नावाची दुसरी नौका सेवेत होती. बसचा प्रवासी, बेटावरचा कोळी आणि नौदलातला खलाशी हे तिघे ‘अर्नाळा’ म्हणतात तेव्हा तिघांच्या मनातली जागा वेगळी असते, आणि आपापल्या जागी तिघेही बरोबर असतात. नावाचा अर्थ विचारणाऱ्याच्या ठिकाणावर ठरतो. शेलमध्येही हेच घडते.

त्या बेटावरच्या किल्ल्याच्या दरवाजावर एक मराठी शिलालेख आहे. गुजरातच्या सुलतानाने बांधलेले जुने ठाणे पुढे पोर्तुगीजांकडे गेले, १७३७ मध्ये ते मराठ्यांनी घेतले आणि पहिल्या बाजीरावाच्या काळात किल्ला नव्याने उभा राहिला. शिलालेखात हे पद्यात सांगितले आहे. बाजीरावाने शंकराला, म्हणजे वसईच्या मोहिमेतल्या शंकराजी केशवाला, आज्ञा केली. पाश्चात्यांचा पाडाव करून समुद्रात जंजिरा उभारायचा हे काम सोपवले. आणि ते बाजी तुळाजीने पार पाडले. आज्ञा कोणाची, कोणाला, कशासाठी आणि प्रत्यक्षात आणली कोणी, हे सारे एका शिळेवर आहे. ही शिळा पुण्याच्या दप्तरात नसून जे बांधले गेले त्याच्याच दारावर आहे, ही तिची मोठी गुणवत्ता. संगणकाच्या मराठीत कमांडला ‘आज्ञा’ आणि प्रोग्रामला ‘आज्ञावली’ हे शब्द रुळले, तेव्हा त्या शब्दांबरोबर उगमाचा हा जुना प्रश्नही आला. ज्याने आज्ञा अमलात आणायची त्याच्याच तोंडून तिचा ठाव विचारावा, ही दृष्टी शेलच्या इतिहासात स्थिर व्हायला बराच वेळ लागला.

‘शेल’ हा शब्द युनिक्सहून जुना आहे. फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ हे एमआयटीत असताना त्यांनी सीटीएसएस या प्रणालीसाठी ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्राम लिहिला. फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञा तो एकामागून एक चालवत असे. त्यातूनच आज्ञांचा अर्थ लावणारा एक स्वतंत्र प्रोग्राम असावा ही कल्पना पुढे आली आणि १९६५ च्या सुमारास मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात पूझँ यांनी तिला ‘शेल’ म्हटले. आजही शेलच्या सुरुवातीच्या फाइलींच्या नावांत शेवटी ‘आरसी’ येते, ती ‘रनकॉम’चीच खूण.

मल्टिक्सने या विषयाची जवळजवळ पूर्ण मांडणी करून ठेवली होती. वापरकर्त्याने नाव उच्चारले की प्रणाली ‘शोधनियमां’ची एक यादी पाहत असे: आधीच स्मृतीत आणलेले भाग, बोलावणारा प्रोग्राम जिथे आहे ती जागा, वापरकर्त्याची चालू डिरेक्टरी, मग प्रणालीची ग्रंथालये. ही यादी छापून पाहता येई, तिच्यात भर घालता येई. आणि ‘व्हेअर’ नावाची आज्ञा होती. ती हेच नियम लावून एखादे नाव अखेर कोणत्या पूर्ण पत्त्यावर जाते ते सांगे. शोधणारी यंत्रणा आणि उत्तर देणारी यंत्रणा यांचे नियम एकच असल्याने उत्तरात फसगत व्हायला वाव कमी होता. युनिक्स मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या माणसांनीच घडवले, पण ही सोय त्यांनी सोबत आणली नाही. प्रणाली लहान ठेवायची होती, आणि लहान प्रणालीत तिची गरज भासत नव्हती.

केन थॉम्पसन यांचा शेल १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत होता. त्याचा शोध एका वाक्यात मावतो: दिलेल्या नावाची फाइल समोर असेल तर ती चालवायची, नसेल तर नावाआधी ‘/बिन/’ जोडून पुन्हा पाहायचे. पुढे डिस्क पुरेनाशी झाली. प्रणालीचे प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर सांडले. त्या डिस्कवर वापरकर्त्यांच्या फाइली असत आणि तिचे नाव ‘/यूएसआर’ होते. तिथे ‘/यूएसआर/बिन’ तयार झाले आणि शोधाच्या वाटेत एका थांब्याची भर पडली. जागेच्या टंचाईतून निघालेली ही फाळणी पुढे चाळीस वर्षे टिकली. तिला नंतर वेगवेगळी तात्त्विक कारणे चिकटवली गेली, पण मूळ कारण डिस्क भरणे हेच होते.

याच सुरुवातीच्या काळात एक छोटी गोष्ट घडली. ती डेनिस रिची यांनी युनिक्सच्या जडणघडणीवरच्या लेखात नोंदवली आहे. डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा आधी साध्या प्रोग्रामसारखीच होती. युनिक्समध्ये नवी प्रक्रिया जन्माला घालण्याची ‘फोर्क’ ही पद्धत आली आणि ती आज्ञा अचानक निकामी झाली. कारण उघड होते: शेल प्रत्येक आज्ञेसाठी एक नवी प्रक्रिया निर्माण करू लागला, त्या प्रक्रियेने स्वतःची डिरेक्टरी बदलली आणि ती संपली, शेल मात्र होता तिथेच राहिला. उपाय म्हणून ही आज्ञा शेलच्या आतच घ्यावी लागली. आजची ‘सीडी’ ही तिची वारस. काही आज्ञा डिस्कवर सापडत नाहीत, त्या शेलच्या पोटातच असतात, याचे पहिले ठळक उदाहरण हे. ‘सीडी’ची फाइल शोधायला निघालेल्याला आजही हाच धडा मिळतो.

प्रोग्राम वाढले तशी दोन थांब्यांची ठरीव वाट अपुरी पडली. युनिक्स जिथे जन्मले त्या बेल लॅब्जमध्ये प्रोग्रामरांसाठी बनवलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत जॉन मॅशी यांच्या शेलने शोधाच्या वाटा एका चलात ठेवण्याची सोय केली. पण जिने साऱ्या जगाची सवय घडवली ती व्यवस्था १९७९ मधल्या सातव्या आवृत्तीतल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलची. ‘पाथ’ नावाचे एक चल. त्यात डिरेक्टऱ्यांची नावे, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. शोध डावीकडून उजवीकडे. हे चल परिसराचा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटचा, भाग झाल्याने शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला वारशात मिळे. शोधाचा क्रम आता प्रणालीच्या हातून सुटून प्रत्येक वापरकर्त्याच्या हाती आला. एकाच यंत्रावर शेजारी बसलेल्या दोघांनी तेच नाव टंकले तरी दोघांना दोन वेगळे प्रोग्राम मिळू शकत. ‘कुठे आहे’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने निकडीचा झाला तो इथून.

या वाटेत एक धोकाही होता. सातव्या आवृत्तीत ‘पाथ’ची मूळ किंमत दोन टिंबांनीच सुरू होई, आणि दोन टिंबांआधीची रिकामी जागा म्हणजे चालू डिरेक्टरी. म्हणजे शेल आधी पायाखाली पाही, मग ‘/बिन’मध्ये. कोणी आपल्या डिरेक्टरीत ‘एलएस’ नावाची खोटी फाइल ठेवली आणि व्यवस्थापक तिथे येऊन यादी पाहू लागला, तर व्यवस्थापकाच्या अधिकाराने ती खोटी फाइल चाले. बेल लॅब्जचे फ्रेडरिक ग्रॅम्प आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९८४ मध्ये युनिक्सच्या सुरक्षिततेवर लिहिलेल्या लेखात या धोक्याची चर्चा आहे. तेव्हापासून व्यवस्थापकाच्या ‘पाथ’मध्ये चालू डिरेक्टरी नसावी हा दंडक झाला, आणि आपल्याच डिरेक्टरीतला प्रोग्राम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते ती याच कारणाने. नवशिक्यांना ही सक्ती जाचक वाटते; तिच्यामागचा इतिहास सांगितला तर वाटणार नाही.

बोर्न यांचा शेल न्यू जर्सीत तयार होत असतानाच कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात, बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. टोपणनावांची सोय त्याने लोकप्रिय केली आणि आपल्या वाटेवरच्या डिरेक्टऱ्यांत काय काय आहे याची एक स्मरणसूचीही तो बाळगू लागला, म्हणजे दर वेळी डिस्क चाळायला नको. ‘व्हिच’ या आज्ञेचा जन्म याच घरातला. १९७९ च्या अखेरीस आलेल्या ३बीएसडी या बर्कलीच्या युनिक्स-आवृत्तीत ती होती आणि ती सी शेलच्या भाषेत लिहिलेली एक स्क्रिप्ट होती. त्याच आवृत्तीत ‘व्हेअरइज’ आली. दोघींची कामे वेगळी: ‘व्हेअरइज’ ठराविक प्रसिद्ध जागी जाऊन एखाद्या प्रोग्रामची चालणारी फाइल, मूळ लिखाण आणि मार्गदर्शिका जिथे असतील ते सांगे, नाव टंकल्यावर त्यांतले कोणते चालेल याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. ‘व्हिच’चा दावा मात्र नेमका तोच होता, की अमुक नाव टंकले तर अमुक चालेल.

आणि हा दावा तिला पूर्ण करता येत नव्हता. ‘व्हिच’ हा स्वतंत्र प्रोग्राम. शेल त्याला वेगळी प्रक्रिया म्हणून सुरू करी. त्या प्रक्रियेला ‘पाथ’ कळे, पण विचारणाऱ्या शेलच्या पोटातली टोपणनावे दिसत नसत. म्हणून ‘व्हिच’ वापरकर्त्याच्या घरातली ‘.सीएसएचआरसी’ ही फाइल स्वतः पुन्हा वाची आणि त्यातल्या टोपणनावांवरून उत्तर देई. ती फाइल वाचल्यानंतर वापरकर्त्याने एखादे टोपणनाव हाताने बदलले असेल, तर उत्तर चुकीचे. फाइल दर वेळी वाटेत भर घालत असेल, तर उत्तर दुसऱ्याच वाटेचे. आणि विचारणारा बोर्न यांचा शेल वापरत असेल तर त्याला ज्या घराशी संबंध नाही त्या घराची बातमी मिळे. किल्ल्याला जाणारी होडी आज कुठून सुटते हे धक्क्यावरच्या होडीवाल्याला विचारायचे सोडून विरारच्या बाजारात मागच्या हंगामातला कागद पाहून सांगणाऱ्याला विचारावे, तसा हा प्रकार होता. सांगणारा प्रामाणिक असतो, कागदही खरा असतो. होडी मात्र दुसरीकडून सुटलेली असते.

काही प्रणालींत ‘व्हिच’चे आणखी एक दुखणे होते. सन कंपनीच्या सोलारिसवर नाव सापडले नाही तर ती ‘या वाटेवर अमुक नाही’ असे वाक्य नेहमीच्या उत्तराच्याच जागी छापी आणि काम यशस्वी झाल्याचा संकेत परत देई. माणसाला ते वाक्य वाचून कळे. स्क्रिप्टला मात्र ‘नाही’ हा शब्दही एखाद्या फाइलीचा पत्ता वाटे. स्क्रिप्टमध्ये ‘व्हिच’वर विसंबू नये हा सल्ला युनिक्सच्या जगात पसरला त्याला असे अनुभव कारणीभूत आहेत.

दुरुस्ती शेलच्या आतून आली. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये जगासमोर मांडलेल्या शेलमध्ये ‘व्हेन्स’, म्हणजे ‘कुठून’, ही अंगभूत आज्ञा होती. १९८४ च्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या बोर्न शेलमध्ये फंक्शने आली आणि त्यांच्याबरोबर ‘टाइप’ ही आज्ञा आली. ‘टाइप’ कुठलीही फाइल वाचत बसत नाही. आज्ञा चालवणाराच तिचे उत्तर देतो: हे फंक्शन आहे आणि त्याचा मजकूर हा, हे अंगभूत आहे, ही फाइल अमुक ठिकाणी. अर्नाळ्याच्या दरवाजावरच्या शिळेचा गुण इथे आला. उत्तर त्याच इमारतीवर कोरलेले, जिच्याविषयी प्रश्न आहे.

त्याच आवृत्तीत ‘हॅश’ही आली. एकदा सापडलेला पत्ता शेल लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी शोध टाळतो. यातून एक नवी गल्लत सुरू झाली, आणि ती आजही घडते. एखादा प्रोग्राम एका डिरेक्टरीतून काढून दुसरीत बसवला की जुन्या पत्त्यावर गेलेला शेल ‘फाइल नाही’ म्हणून परत येतो; वाटेवर ती फाइल समोर दिसत असूनही. ‘टाइप’ अशा वेळी पत्ता ‘स्मरणातला’ असल्याचे सांगते, आणि ‘हॅश’ला ‘-आर’ देऊन स्मरण पुसले की शोध पुन्हा सुरू होतो. सी शेलमध्ये यासाठी ‘रीहॅश’ होती. बाहेरच्या ‘व्हिच’ला या स्मरणाचा पत्ताच नसतो, ती नवी जागा दाखवते, शेल जुन्या जागी जातो, आणि पाहणारा दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा या पेचात पडतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रयोगशाळा आणि बँका या दोन वाटांनी आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक केंद्रातून १९८५ मध्ये स्वतंत्र झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था जुहूला होती. अर्नेट या देशातल्या शैक्षणिक जाळ्यात ती पहिल्यापासून सहभागी होती, आणि ते जाळे युनिक्स यंत्रांवर उभे राहिले. दुसरीकडे सी. रंगराजन यांच्या समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांचे संगणकीकरण सुरू झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बँकांत युनिक्स यंत्रे येऊ लागली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९८ मध्ये परम १०००० हा महासंगणक उभारला, तो सन कंपनीच्या सर्व्हरांचा होता आणि त्यावर सोलारिस चालत असे. सोलारिस म्हणजे या विषयाची पाठशाळाच. तिथे ‘पीएस’ ही आज्ञा ‘/यूएसआर/बिन’मध्ये सिस्टिम फाइव्हच्या रीतीची आणि ‘/यूएसआर/यूसीबी’मध्ये बर्कलीच्या रीतीची अशी दोन होती; ‘ग्रेप’ची पॉझिक्स या मानकाला धरून वागणारी वेगळी प्रत आणखी तिसऱ्या डिरेक्टरीत. वाटेवर कोणती डिरेक्टरी आधी, यावर एकाच ओळीचे दोन वेगळे निकाल येत. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या शेल प्रोग्रामिंगवरच्या पुस्तकासारख्या पुस्तकांतून मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ‘पाथ’ आणि परिसरचले शिकली. पुस्तक इंग्रजीत, वर्गातले समजावणे मराठीत. म्हणून या विषयाची मराठी बोलती भाषा छापील भाषेच्या बरीच पुढे आहे. ‘पाथ सेट नाहीये’ हे वाक्य कोणत्याही संगणक प्रयोगशाळेत ऐकू येते.

दरम्यान शेल वाढत होते. सी शेलच्या वाढीव रूपाने, टीसीशेलने, ‘व्हिच’ शेलच्या पोटात घेतली आणि तिचा मूळ दोष दूर केला. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला. त्यात ‘टाइप’ होतीच, आणि पुढे तिला ‘-ए’ हा पर्याय मिळाला. तो दिला की त्या नावाचे सगळे धनी एकाखाली एक छापले जातात: आधी टोपणनाव, मग फंक्शन, मग अंगभूत, मग वाटेवर सापडलेली प्रत्येक फाइल. पॉल फाल्स्टॅड यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या झेडशेलमध्ये ‘व्हिच’, ‘व्हेअर’ आणि ‘व्हेन्स’ तिन्ही अंगभूत आहेत. त्यामुळे ‘व्हिच’ विश्वासार्ह आहे का, या प्रश्नाचे उत्तर विचारणारा कोणत्या शेलमध्ये बसला आहे यावर अवलंबून राहिले. मॅक संगणकांवर २०१९ पासून झेडशेल हा मूळ शेल आहे. तिथे ‘व्हिच सीडी’ विचारले तर ती अंगभूत आज्ञा असल्याचे उत्तर येते; त्याच यंत्रावरच्या ‘/यूएसआर/बिन/व्हिच’ला पूर्ण पत्त्याने हाक मारून तेच विचारले तर ती ‘/यूएसआर/बिन/सीडी’ दाखवते. तशी फाइल तिथे खरोखर आहे. पण ‘सीडी’ टंकणाऱ्याच्या ती कधीच उपयोगी पडत नाही.

प्रमाणीकरण करणाऱ्यांनी ‘व्हिच’ला हात लावला नाही. १९९२ च्या पॉझिक्स मानकाने ‘कमांड’ या आज्ञेला ‘-व्ही’ हा पर्याय दिला आणि तोच मार्ग धरला. नाव अंगभूत असेल तर तेच नाव छापायचे, फाइल असेल तर पूर्ण पत्ता, टोपणनाव असेल तर त्याची व्याख्या; काहीच नसेल तर काही छापायचे नाही आणि अपयशाचा संकेत द्यायचा. दिसायला रुक्ष, पण माणूस आणि स्क्रिप्ट दोघांनाही पुरणारी अशी दुसरी व्यवस्था या प्रांतात झाली नाही. आधी हा पर्याय ऐच्छिक भागात होता. २००८ च्या आवृत्तीपासून तो सर्वांना बंधनकारक झाला.

बेल लॅब्जच्या मूळ मंडळींनी मात्र प्रश्नाचे मूळच काढण्याचा प्रयत्न केला. प्लॅन नाइन या त्यांच्या पुढच्या प्रणालीत वेगवेगळ्या डिरेक्टऱ्या एकावर एक रचून एकच ‘/बिन’ तयार होते. यंत्राच्या जातीचे प्रोग्राम, वापरकर्त्याचे स्वतःचे प्रोग्राम, स्क्रिप्टा, सारे एका छपराखाली. ‘पाथ’ची लांबलचक ओळ उरत नाही, क्रम ठरतो तो रचण्याच्या वेळी.

पत्ता कळला तरी शोध संपत नाही, कारण फाइल तिथे आणली कोणी हा पुढचा प्रश्न असतो. १९९० च्या दशकात लिनक्सवर डेबियनचे डीपीकेजी आणि रेड हॅटचे आरपीएम आले आणि पॅकेजांतून यंत्रावर बसवलेल्या प्रत्येक फाइलची नोंदवही तयार झाली. डीपीकेजीला ‘-एस’ आणि आरपीएमला ‘-क्यूएफ’ देऊन फाइलचा पत्ता सांगितला की ती कोणत्या पॅकेजाने बसवली ते कळते. मधे आणखी एक जिना असतो. डेबियनवर ‘जावा’चा पत्ता ‘/यूएसआर/बिन/जावा’ येतो. ती दुसरीकडे बोट दाखवणारी जोडणी. तिथून ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्हज’ आणि तिथून खरी फाइल. ‘रीडलिंक’ला ‘-एफ’ दिले की हा सगळा जिना एका दमात चढता येतो.

नोंदवही आणि जमीन यांचा मेळ सुटतो तेव्हा काय होते याचे उदाहरण ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ पुन्हा एक झाले तेव्हा दिसले. फेडोराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत ही जुनी फाळणी मिटवली, डेबियनने १० व्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर तीच रीत धरली, आणि ‘/बिन’ ही नुसती ‘/यूएसआर/बिन’कडे नेणारी जोडणी उरली. वाटेवर आधी ‘/यूएसआर/बिन’ असल्याने शेल ‘एलएस’चा पत्ता ‘/यूएसआर/बिन/एलएस’ असा देऊ लागला. डेबियनच्या नोंदवहीत मात्र जुनी नोंद ‘/बिन/एलएस’ अशीच होती. शेलने दिलेला खरा पत्ता डीपीकेजीला सांगितला की ते ‘अशी फाइल कोणाचीच नाही’ म्हणून कळवे. बांधकाम हलले, दप्तर हलले नाही.

पायथनच्या आभासी परिसरांनी हा सारा खेळ रोजच्या कामात आणला. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथनसोबत येणारी ‘व्हेन्व्ह’ ही सोय प्रकल्पासाठी वेगळी डिरेक्टरी बनवते आणि सक्रिय करताना ती ‘पाथ’च्या अगदी डावीकडे बसवते. मग ‘पायथन’ म्हटले की प्रकल्पाचा पायथन चालतो. सक्रिय करणारी ती छोटी स्क्रिप्ट बॅशचे पत्त्यांचे स्मरणही पुसायला सांगते. १९८४ साली सुरू झालेल्या गल्लतीचा बंदोबस्त तिथे एका ओळीत आहे.

युनिक्सबाहेर हीच वाट थोड्या फरकाने दिसते. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये ‘पाथ’ आले, पण तिथे चालू डिरेक्टरी नेहमीच सर्वांत आधी तपासली जाई. विंडोजमध्ये पुढे ‘व्हेअर’ हा प्रोग्राम मिळू लागला. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर’ हे छाननी करणाऱ्या वेगळ्याच आज्ञेचे टोपणनाव आहे, आणि ठावठिकाण्यासाठी ‘गेट-कमांड’ वापरावी लागते. नावांची गल्लत सोडवण्यासाठी केलेल्या आज्ञेच्याच नावाची गल्लत होते.

‘व्हिच’चा शेवटचा मोठा वाद २०२१ मध्ये डेबियनमध्ये झाला. तिथली ‘व्हिच’ ज्या पॅकेजात होती त्याच्या संगोपकाने ती कालबाह्य ठरवली. ती चालवली की स्क्रिप्टमध्ये ‘कमांड -व्ही’ वापरा असा इशारा उमटू लागला. तांत्रिकदृष्ट्या सल्ला योग्य होता. पण चार दशकांच्या सवयीने अगणित स्क्रिप्टांत ‘व्हिच’ शिरलेली होती आणि अनपेक्षित ओळ दिसताच काही कामे अडली. प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेले. दुसरे पॅकेज जबाबदारी घेईपर्यंत ‘व्हिच’ कोणत्याही इशाऱ्याविना उपलब्ध राहावी असा निर्णय झाला. आता डेबियनमध्ये ग्नूची ‘व्हिच’ आणि डेबियनची जुनी ‘व्हिच’ या दोन्ही शेजारी बसवता येतात, आणि त्यांतली कोणती चालावी हे ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्हज’मधली जोडणी ठरवते.